सरळ रस्ता आणि वांकडी सायकल

गेल्या अंकांत आम्हीं पावसाळ्यापूर्वीं घराच्या छपराची पाहणी कशी करावी याविषयीं लिहिलें होतें. आजचा विषय त्याहून लहान दिसेल. परंतु ज्या घरांत शाळकरी मुलें आहेत त्या घरांनीं तो लहान समजूं नये, असें आम्हांस अनुभवानें वाटूं लागलें आहे. विषय सायकलीचा आहे. आणि तोही सबंध सायकलीचा नव्हे, तिच्या सांगाड्याचा, म्हणजे ज्या नळ्यांच्या चौकटीस आपण सारे फ्रेम म्हणतों तिचा.

हकीकत आमच्याच घरची आहे. आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा यंदाच्या जूनमध्यें आठवींत गेला. नवी शाळा घरापासून चार किलोमीटर. बसच्या वेळा जमत नव्हत्या, रिक्षाचा खर्च रोजचा होता. म्हणून वडील मंडळींनीं बसून विचार केला आणि त्यास नवी सायकल घेऊन द्यावयाचें ठरविलें. पुणें हें एके काळीं सायकलींचें शहर म्हणून ओळखलें जाई, आणि आमच्या ओसरीच्या खांबास तर तीन पिढ्यांच्या सायकली टेकून गेल्या आहेत. तेव्हां या ठरावास घरांतून विरोध होण्याचें कारणच नव्हतें. १३,८०० रुपये मोजून तांबड्या रंगाची, गीअरची, ॲल्युमिनिअमच्या फ्रेमची सायकल घरीं आली. मातोश्रींनीं तिला हळदकुंकू वाहिलें, चाकाखालीं लिंबू ठेवलें, आणि मुलगा ऐटीनें शाळेस जाऊं लागला.

पहिल्या महिन्यांत तो दोनदां पडला. पहिल्या खेपेस गुडघा फुटला, त्याचें कोणास कांहीं वाटलें नाहीं. सायकल म्हटली कीं गुडघे फुटावयाचेच. दुसऱ्या खेपेस मात्र तो रस्त्याच्या डाव्या कडेला गटाराच्या जाळीवर उतरून आडवा झाला, आणि मागून येणाऱ्या बसच्या चालकानें वेळेवर ब्रेक दाबला म्हणूनच आज आम्ही हा मजकूर हलक्या मनानें लिहूं शकतों. त्या संध्याकाळीं घरांत जें व्हावयाचें तें झालें. मुलाच्या आईनें जेवणास हात लावला नाहीं. बंधूंनीं सायकलीस कुलूप घालून किल्ली आपल्या कपाटांत ठेवली. मुलगा एवढेंच म्हणत होता, "काका, सायकल डावीकडे ओढते." त्यावर आम्ही त्यास म्हणालों, "सायकल ओढीत नसते. चालविणाराचें लक्ष ओढलें जातें." हें वाक्य त्या वेळीं आम्हांस मोठें मार्मिक वाटलें होतें.

मुलानें त्यानंतर सायकलीविषयीं बोलणें सोडलें. तो अंधारांत उठून पहिली बस गांठूं लागला, आणि शाळेतून आल्यावर कुलूप घातलेल्या सायकलीवरची धूळ फडक्यानें पुसून ठेवूं लागला. हें आम्ही रोज पाहत होतों. परंतु घरांतील वडील माणसांस एकदां दिलेला निकाल फिरविण्याचा उत्साह सहसा नसतो.

निकाल फिरविला तो मातोश्रींनीं. एका रविवारीं पावसाची उघडीप होती. मुलानें आज्ञा घेऊन सायकल नळाखालीं धुतली आणि हातानें ढकलीत अंगणांतून ओसरीकडे आणली. ओल्या चाकांचे पट्टे कोरड्या फरशीवर उमटले. मातोश्री पायरीवर बसून शेंगा सोलीत होत्या. त्या आम्हांस हांक मारून म्हणाल्या, "अरे, हिचीं दोन चाकें एका वाटेनें जात नाहींत." आम्हीं वांकून पाहिलें. पुढच्या चाकाच्या पट्ट्यावर मागच्या चाकाचा पट्टा नीट बसावयास हवा होता. तो सबंध अंगणभर डाव्या अंगास रांगोळीच्या रेघेएवढा बाहेर डोकावत होता. साठ वर्षें ठिपके जोडणाऱ्या डोळ्यांस जें एका दृष्टिक्षेपांत दिसलें, तें आम्हां शिकल्यासवरल्यांस महिनाभर दिसलें नव्हतें.

एवढ्यावरून कांहीं सिद्ध होतें असें मात्र नव्हे. सायकल हातानें ढकलतांना हँडल किंचित् वळलें तरी पट्टे असेच पडतात. संशय उत्पन्न होणें निराळें आणि तो खरा ठरणें निराळें. मुलाच्या बाबतींत आम्हीं पुराव्यावांचून निकाल दिला होता. तीच चूक दुकानदाराच्या बाबतींत करावयाची नाहीं, एवढें आम्हीं मनाशीं ठरविलें आणि एकेका संशयिताची चौकशी आरंभिली.

पहिला संशयित रस्ता. पाणी वाहून जावें म्हणून रस्ते मधें उंच आणि कडेला उतरते बांधतात. आपण डाव्या बाजूनें जातों. त्यामुळें चांगली सायकलही थोडीशी डावीकडे उतरूं पाहते. त्यांत मुलाचें दप्तर एका खांद्यावर असलें कीं तोल आणखी जातो. म्हणून आम्हीं दप्तर घरीं ठेवविलें आणि सायकल शाळेच्या सिमेंटच्या मैदानावर नेली. मुलगा एका दिशेनें गेला, फिरून उलट दिशेनें आला. रस्त्याचा किंवा मैदानाचा दोष असता तर उलट येतांना ओढ उजवीकडे लागली असती. ती दोन्ही वेळां चालविणाराच्या डावीकडेच लागली. मग आम्ही स्वतः बसलों. पन्नाशी उलटल्यावर हात सोडून सायकल चालविण्याचें धाडस आम्हीं केलें नाहीं. पण हँडलावरची पकड सैल करतांच तें सावकाश डावीकडे कलूं लागलें. आमचें लक्ष त्या वेळीं अगदीं ठिकाणावर होतें. आमचें तें मार्मिक वाक्यही आम्हांस त्याच वेळीं आठवलें.

दुसरा संशयित चाक. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्यानें दोन वेळां "चाक आउट आहे" असें सांगून आउट काढून दिला होता. आउट म्हणजे फिरतांना रिम या बाजूस त्या बाजूस डोलणें. तारा कमीअधिक ताणून तो काढतात, आणि तें काम तो मनुष्य उत्तम करतो. पण चाक न डोलतां सुद्धां एका बाजूस बसलेलें असूं शकतें. हें ओळखण्याची युक्ति सोपी आहे. मागचें चाक काढावें आणि उलट तोंडानें, म्हणजे डावी बाजू उजवीकडे करून, पुन्हा बसवावें. चेन चढविण्याची जरूर नाहीं. आधीं रिम एका बाजूस झुकलेली असून उलटल्यावर ती दुसऱ्या बाजूस झुकली, तर दोष चाकाचा. उलटूनही ती त्याच बाजूस राहिली, तर चाक निर्दोष आणि खोड चौकटींत. आमच्या सायकलींत रिम दोन्ही खेपांस मागच्या दोन नळ्यांच्या अगदीं मधोमध उभी राहिली. चाक सुटलें. पुढच्या चाकाची परीक्षाही अशीच केली. तें चिमट्याच्या मधोमध होतें, आणि हँडल हलक्या हातानें फिरवितां कोठें अडत नव्हतें. तेव्हां चिमट्यावरचा संशयही बराचसा गेला. उरला सांगाडा.

सांगाड्याची परीक्षा एका दोरीनें होते हें आमच्या वाचकांपैकीं कित्येकांस ठाऊक नसेल. मागच्या चाकाचा आंस ज्या दोन खाचांत बसतो त्यांपैकीं एकीस पुडी बांधावयाच्या दोरीचें टोक बांधावें. ती दोरी तशीच पुढें नेऊन, ज्या आंखूड उभ्या नळींत हँडलाचा दांडा फिरतो त्या नळीस वळसा घालून, दुसऱ्या बाजूनें मागें आणावी आणि दुसऱ्या खाचेस ताणून बांधावी. सायकलीच्या दोहों अंगांस आतां दोन ताठ रेषा तयार होतात. त्यांच्या मधून बैठकीची नळी उभी जाते. या नळीपासून उजवीकडची दोरी किती दूर आणि डावीकडची किती दूर, एवढेंच मोजावयाचें. सांगाडा सरळ असेल तर दोन्ही अंतरें सारखीं येतात. एखाददुसऱ्या मिलिमीटरचा फरक मनावर घेऊं नये.

दोरी आम्हीं धरली. पट्टी मुलाच्या कंपासपेटींतली होती, आणि मोजणाराही तोच. त्यानें आंकडे मोठ्यानें न वाचतां कागदावर लिहिले, मग बंधूंनीं मोजून निराळ्या कागदावर लिहिले, मग आम्हीं. तिन्ही कागद जुळवून पाहिले. मुलाचें माप उजवीकडे २७ मिलिमीटर, डावीकडे ३३. बंधूंचें तेंच. आमच्या कागदावर डावीकडे साडेबत्तीस होतें, तो चष्म्याचा दोष समजावा. फरक सहा मिलिमीटरांचा, म्हणजे हिशेबानें सांगाड्याची मागची बाजू पुढच्या बाजूपासून पांचएक मिलिमीटर डावीकडे सरकलेली. रांगोळीची रेघ तेवढीच असते. बंधु कांहीं बोलले नाहींत. ते आंत गेले आणि कुलुपाची किल्ली आणून त्यांनीं मुलाच्या हातावर ठेवली. सायकल मात्र तूर्त चालवावयाची नाहीं, हें मुलास कोणीं सांगावें लागलें नाहीं.

येथें वाचक विचारतील कीं पांच मिलिमीटरांनीं एवढें काय होतें? सायकल ही उभी राहणारी वस्तु नव्हे. ती चालते म्हणूनच उभी राहते. दोन चाकें जमिनीस जेथें टेकतात त्या दोन बिंदूंस जोडणाऱ्या रेषेवर सारें ओझें तोलावें लागतें. ती रेषा सायकलीच्या मध्यापासून डावीकडे सरली कीं तोल राखण्यासाठीं सायकल डावीकडे कलती धरावी लागते, आणि कललेल्या सायकलीचें पुढचें चाक आपोआप त्याच बाजूस वळूं पाहतें. मोठा मनुष्य नकळत हात आंखडून तें सांभाळून घेतो. तेरा वर्षांचा मुलगा मागून हॉर्न वाजतांच दचकतो, पकड सैल होते, आणि तो गटाराकडे जातो.

सायकलीच्या या चौकटीचा इतिहास मनोरंजक आहे; त्यांतील एक गोष्ट प्रस्तुत विषयास अवश्य म्हणून सांगतों. १८८५ सालीं इंग्लंडांतील कॉव्हेंट्री येथें जॉन केम्प स्टार्ले यांनीं 'रोव्हर' ही सायकल काढली. तिचीं दोन्ही चाकें जवळजवळ सारख्या मापाचीं होतीं आणि मागचें चाक चेननें फिरत असे. त्यानंतर थोड्याच वर्षांत शंकरपाळ्याच्या आकाराची जी चौकट रूढ झाली ती अद्याप टिकून आहे. त्या चौकटीच्या नळ्या पुष्कळ काळ पोलादाच्या असत. सांध्यांवर पोलादी टोप्या बसवून त्या पितळेनें झाळीत. १९३५ पासून मँगनीज आणि मॉलिब्डेनम घातलेल्या पोलादाच्या हलक्या नळ्या निघाल्या, तरी धातु पोलादच. पोलाद हें आपल्या जुन्या घरांतील माणसांसारखें आहे: बेतानें वांकविलें तर वांकतें, आणि बेतानें सरळ केलें तर मोडत नाहीं. आमच्या वडिलांची विलायती सायकल एकदां टांग्यावर आदळून वांकली होती. गल्लींतल्या मिस्त्रींनीं एक हातभर लांबीचा लोखंडी नळ आणि एक दोरी एवढ्यावर ती अर्ध्या दिवसांत सरळ केली, आणि ती पुढें पंचवीस वर्षें चालली, असें आम्ही लहानपणापासून ऐकत आलों आहों.

ॲल्युमिनिअमची गोष्ट तशी नाहीं. आजच्या पुष्कळ सायकलींच्या चौकटी ज्या मिश्रधातूच्या असतात त्यांत मॅग्नेशिअम आणि सिलिकॉन थोड्या प्रमाणांत असतात. नळ्या एकमेकींस वितळवून जोडल्या कीं सांध्यापाशीं धातूचा कठीणपणा जातो. तो परत आणण्यासाठीं सबंध चौकट सुमारें ५३० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून एकदम थंड करतात, आणि नंतर सुमारें १७० अंशांच्या भट्टींत कित्येक तास ठेवून पक्की करतात. या दोन क्रियांच्या मधल्या काळांत धातु मऊ असतो. चौकट मापाच्या ठोकळ्यावर चढवून सरळ करावयाची ती तेव्हांच. तेथें एखाद्या कामगाराची नजर चुकली, कीं वांकडेपणा भट्टींत शिरून पक्का होऊन बाहेर पडतो. मग त्यावर सुंदर तांबडा रंग बसतो. रंगानें सारें झांकलें जातें. दोरीला मात्र रंग दिसत नाहीं.

सोमवारीं संध्याकाळीं आम्ही सायकल घेऊन दुकानीं गेलों. दुकानदार गृहस्थ होते, उद्धट नव्हते. पण त्यांचें पहिलें उत्तर तेंच होतें जें आम्हीं घरीं दिलें होतें. "साहेब, पोरानें आदळली असेल." यावर आम्हांस रागावण्याचा अधिकारच नव्हता. आम्हीं त्यांस एवढेंच दाखविलें कीं आदळलेल्या चौकटीच्या पुढच्या सांध्यामागें, खालच्या नळीवर, रंगास सुरकुती पडते किंवा चीर जाते. येथें रंग अखंड आहे, खाचा दबलेल्या नाहींत, आणि पडण्याच्या खुणा काय त्या पायडलावर आणि हँडलाच्या मुठीवर आहेत. ते म्हणाले, "मग ठेवून जा. आमचा माणूस नळ घालून दाबून देईल, दहा मिनिटांचें काम." त्यांचा हेतु वाईट नसावा. परंतु पक्क्या केलेल्या ॲल्युमिनिअमला असें दाबलें तर तें आज सरळ दिसून उद्यां सांध्यापाशीं तडकण्याची भीति असते. शिवाय आपल्या संमतीनें असें काम झालें कीं कारखान्याची हमीही गेली. वाचकांनीं हें विशेष ध्यानांत ठेवावें. जुन्या पोलादी सायकलीस जें औषध, तें या सायकलीस विष.

अशा जागीं आमच्यासारख्या घरांतील माणसांची मोठी अडचण होते. घासाघीस करणें आपणांस कमीपणाचें वाटतें. दुकानांत चार गिऱ्हाइकें उभीं असतां आवाज चढविणें तर नकोच. "जाऊं द्या, दुसरी घेऊं" असें म्हणून आपण परत येतों आणि त्यास सभ्यपणा म्हणतों. भीड भिकेची बहीण ही म्हण आपल्या वाडवडिलांनीं बहुधा असल्याच प्रसंगावरून रचली असावी. आम्हीही परतण्याच्या बेतांत होतों. मुलगा दुकानाच्या पायरीवर उभा होता, आणि त्याच्या खिशांत ती दोरी होती.

त्यानें ती काढून आमच्या हातीं दिली. आम्हीं दुकानदारांस विनंति केली, "आपल्या दुकानांत याच जातीची दुसरी नवी सायकल आहे. तिला ही दोरी बांधूं द्या. तिचीं मापें अशींच आलीं तर आमचें कांहीं म्हणणें नाहीं." ते हंसले आणि हो म्हणाले. निळी सायकल खालीं काढली. त्यांच्याच माणसानें दोरी बांधली, दुकानदारांनीं स्वतः पट्टी धरली. उजवीकडे ३०, डावीकडे ३०. मग तीच दोरी, तोच माणूस, तीच पट्टी आमच्या सायकलीस. उजवीकडे २७, डावीकडे ३३. दुकानदारांनीं पट्टी फिरवून पुन्हा एकदां मोजलें. नंतर ते खुर्चीवर जाऊन बसले आणि म्हणाले, "कारखान्याला लिहितों. तुम्हीही लिहून द्या."

लिहून देणें ही या प्रकरणांतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. तोंडी बोलणें दुकानाच्या पायरीवरच विरून जातें. आमच्या पत्रांत खरेदीची तारीख आणि पावतीचा क्रमांक होता. सांगाड्याचा क्रमांक होता. तो पायडलांचा आंस ज्या नळींतून जातो तिच्या खालच्या अंगास बहुधा कोरलेला असतो, आणि सायकल उलटी केल्यावांचून दिसत नाहीं. दोन्ही सायकलींचीं मापें, दोरी बांधलेल्या स्थितींतील छायाचित्रें, आणि मुलगा कोणत्या तारखांस पडला तेंही लिहिलें. मागणी एका वाक्यांत केली: दोषयुक्त चौकट बदलून नवी द्यावी, आणि जोडणीची मजुरी आमच्याकडून घेऊं नये. उत्तरासाठीं पंधरा दिवसांची मुदत दिली. पत्राची एक प्रत दुकानास, एक कारखान्यास, एक घरीं. रागाचा एकही शब्द त्यांत नव्हता. बंधूंनीं पहिल्या मसुद्यांत घातलेले तीन शब्द मातोश्रींनीं काढावयास लावले.

कारखाने चौकटीची हमी पुष्कळदां इतर भागांच्या हमीहून अधिक मुदतीची देतात. पण अपघात झाल्यास ती लागू होत नाहीं असेंही त्याच कागदावर बारीक अक्षरांत छापलेलें असतें. म्हणून तो कागद सायकल घरीं आल्या दिवशींच वाचून पावतीसह जपून ठेवावा. आमच्याकडे तो नशिबानें सांपडला, तोही देवघराच्या फडताळांत, लिंबाच्या पिशवीबरोबर गेलेला.

कारखान्यानें दाद दिली नसती तर काय, हेंही आम्हीं आधींच पाहून ठेवलें होतें. ग्राहकांच्या संरक्षणाचा पहिला कायदा १९८६ चा. त्याच्या जागीं २०१९ चा कायदा आला आणि २० जुलै २०२० पासून त्याचा अंमल सुरू झाला. मालांत दोष ठरल्यास तो दूर करून देण्याचा, माल बदलून देण्याचा किंवा किंमत परत करण्याचा हुकूम जिल्हा ग्राहक आयोग देऊं शकतो. तक्रार दोन वर्षांच्या आंत करावी लागते. माल कोठेंही घेतलेला असो, ती आपण राहतों त्या जिल्ह्यांत करतां येते. पांच लाख रुपयांपर्यंतच्या मालास फी नाहीं, आणि वकील देण्याची सक्ती नाहीं. त्याच्याही आधीं १९१५ या क्रमांकावर दूरध्वनि करून राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्राकडे गाऱ्हाणें नोंदवितां येतें. आमच्यावर ती पाळी आली नाहीं.

बाराव्या दिवशीं कारखान्याचें उत्तर आलें: चौकट बदलून देण्यांत येईल, तांबडा रंग शिल्लक नाहीं, निळा चालेल काय? घरांत पुन्हा सभा भरली. वडील मंडळींच्या मतें हा प्रश्नच नव्हता. मुलाच्या मतें होता. त्यानें एक रात्र विचार केला आणि सकाळीं निळ्यास संमति दिली. आम्हीं त्यास कारण विचारलें नाहीं.

नवी चौकट आल्यावर जुन्या सायकलीचीं चाकें, हँडल, ब्रेक, गीअर आणि बैठक तिजवर चढविलीं. येथें एक सूचना आहे. जोडणी होऊं देण्यापूर्वींच, नुसत्या चौकटीस दोरी बांधून पाहावी. सारे भाग चढल्यावर पुन्हा उतरविण्याचा आग्रह धरणें अवघड जातें. आम्हीं तसें केलें. दोन्ही बाजूंचा फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आंत होता. दुकानदारांनीं तोंवर आपल्यासाठीं एक दोरी खुंटीस टांगून ठेवली होती, आणि नव्या येणाऱ्या सायकली ते तिनें तपासूं लागले आहेत असें त्यांच्या माणसानें आम्हांस हळूच सांगितलें. नव्या चौकटीचा क्रमांक जुन्या पावतीवर त्यांच्या सहीशिक्क्यानिशीं लिहून घेतला. तो न लिहिल्यास पुढें हमी कोणत्या चौकटीची हा वाद उरतो. आठवड्यानें तारा आणि गीअर एकदां आवळून घेतले. जुनी चौकट कारखान्यानें परत मागितली. ती पोत्यांत बांधतांना मुलगा तिच्याकडे थोडा वेळ पाहत राहिला.

सायकल घरीं आली त्या दिवशीं मातोश्रींनीं अंगणांत मुद्दाम बादलीभर पाणी ओतविलें. मुलगा पाण्यांतून निघून कोरड्या फरशीवर सरळ गेला. मातोश्रींनीं पट्टा पाहिला आणि त्या शेंगा सोलावयास बसल्या. आम्हीं मुलास जवळ बोलावून सांगितलें कीं त्या दिवशीं आमचें चुकलें. असें बोलण्याची आम्हांस संवय नाहीं, आणि त्यास ऐकण्याची नाहीं. त्यामुळें तो लाजून पळाला.

परवांच्या रविवारीं त्यानें आमच्या जुन्या पोलादी सायकलीस दोरी बांधली. गेलीं बावीस वर्षें आम्ही तिच्यावरून मंडईंत जातों आणि सरळ जातों, अशी आमची समजूत होती. फरक चार मिलिमीटर निघाला. मुलानें आंकडे कागदावर लिहून आमच्यापुढें धरले आणि अगदीं गंभीर चेहऱ्यानें म्हणाला, "काका, सायकल ओढीत नसते..." पुढचें वाक्य त्यानें पुरें केलें नाहीं. सायकल पोलादाची आहे. येत्या शनिवारीं ती मिस्त्रींकडे न्यावयाची आहे.